बाबांची चाल

बाबांचा आवाज गोड होता आणि सगळा घोटाळा त्या आवाजानेच केला, असं मी आता म्हणते. तेव्हा म्हटलं असतं तर मायने हातातलं लाटणं फेकून मारलं असतं. तरुणपणी ते दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करायचे. आमच्या भागात धान कापून झालं की गावोगाव दंडारी उभ्या राहतात, आणि राणीचं सोंग घ्यायला गळ्याचा माणूस लागतो. बाबा राणी व्हायचे. मास्तरकी लागल्यावर मोठ्या गुरुजींनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की गुरुजीने लुगडं नेसून नाचणं बरं दिसत नाही. बाबांनी लुगडं सोडलं, पण गळा काही शाळेच्या फाटकाबाहेर टांगून ठेवता येत नाही. मग त्यांनी पुस्तकच गायला घेतलं. कविता तर कुणीही गातं. बाबा धडे गायचे. बगळ्याचा धडा असो, शेळीचा असो, पोस्टमनचा असो, प्रत्येकाला त्यांनी चाल लावली होती, आणि खरं सांगायचं तर ती एकच चाल होती. शब्द लांब असला की ती ताणायची, आखूड असला की मुडपायची. सरकार पुस्तकं बदलत राहिलं, बाबांची चाल तीच राहिली.

शाळा आणि आमचं घर यांच्यामध्ये तुराट्यांचं एक कुंपण होतं, त्यालाही शेळ्यांनी भगदाडं पाडलेली. त्यामुळे शाळा आम्हाला दिसायची कमी आणि ऐकू यायची जास्त. बाबा एक ओळ म्हणायचे, पोरं तीच ओळ मागून म्हणायची, आणि सगळ्यांची बोटं पुस्तकातल्या ओळीवरून सरसर फिरायची. माय घड्याळाकडे कधी पाहत नसे. दुसरीचा धडा सुरू झाला की लाखोळीची डाळ चुलीवर चढायची, चौथीची कविता आली की भात उतरायचा. विहिरीवर बाया पाणी ओढताना नकळत तीच चाल गुणगुणत. वाटेने जाणारा एखादा बैलवाला कुंपणाशी थांबून एक धडा पुरा ऐकायचा आणि मग बैल हाकायचा. तपासणीला साहेब आले की बाबा एका पोरीला उभं करत, ती पुस्तक समोर धरून न अडखळता धडा म्हणून दाखवी, आणि साहेब मायच्या हातचं झिंगे-वांगं खाऊन खुशीत साकोलीला परत जात. बाबांच्या बदलीचा हुकूम आला की गावातली माणसं साकोलीच्या कचेरीत जाऊन बसत आणि हुकूम फिरवूनच उठत. असं करत बाबांनी उभी नोकरी एका गावात काढली. आईला शिकवलं आणि मग तिच्या लेकीलाही शिकवलं, अशी घरं गावात पुष्कळ होती. बाबांनी पैका जोडला नाही की शेत जोडलं नाही. तळ्याखाली भात पिकवायला एक बांधी घेतली, तेवढीच. त्यांची मिळकत म्हणजे ही पोरं, असं ते जेवताना म्हणत. माय म्हणायची, “ती मिळकत गंजात टाकून शिजवा मंग.” आणि दोघंही हसत.

संस्था आली तेव्हा मी दहावीत होते आणि साकोलीच्या शाळेत सायकलने जात होते. तिचं नाव लांबलचक होतं, म्हणून गावात तिला नुसतं ‘संस्था’ म्हणत. मास्तरांना मदत करणं आणि पोरांचं शिक्षण सुधारणं हे तिचं काम. साकोलीला मास्तरांची एक बैठक झाली, चहा-बिस्किटं झाली, आणि ठरलं की आठवड्यातून एकदा संस्थेचं माणूस प्रत्येक शाळेत येईल. तपासायला नाही, सोबतीला. बाबांनी घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवली. “सोबतीले म्हणे! मले काय शाळेत भेव लागते का?”

जे माणूस आलं ती ज्योत्स्ना होती. लाखनीची पोरगी, माझ्याहून थोडी मोठी. तिचा बाप हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढायचा. डी.एड. झालं होतं, नोकरी नव्हती, म्हणून संस्थेत लागली होती. बसने फाट्यावर उतरायची, चहाच्या टपरीवर ठेवलेली सायकल काढायची आणि चिखल-धूळ जे असेल ते अंगावर घेऊन यायची. खांद्याला कापडी पिशवी, त्यात चित्रांची पातळ पातळ पुस्तकं. बाबांसमोर ती इतकी घाबरायची, की ‘नमस्कार सर’ म्हणताना पिशवी छातीशी धरायची. पहिले काही आठवडे ती नुसती मागे बसून ऐकत राहिली. पोरांबरोबर तीही गायला लागली तेव्हा बाबा खूश झाले. “मॅडमचा गळा चांगला हाय,” असं त्यांनी मायला सांगितलं. दुपारचं जेवण तिचं आमच्याकडेच. माय तिला जोसना म्हणायची आणि भातावर डाळ वाढताना तिच्या नको-नकोकडे लक्ष देत नसे. मला ती फार आवडायची. मला बहीण नव्हती, आणि ती माझ्या केसांची वेणी चार पेडांची घालून द्यायची.

एका दुपारी ती जेवायला आली आणि ताटावर बसलीच नाही. चुलीजवळ उकिडवी बसून मायच्या हातातली वांगी घेतली आणि चिरायला लागली. त्या दिवशी मी शाळेला गेले नव्हते, शेजारी तांदूळ निवडत होते. वांगी संपत आली तेव्हा म्हणाली, “काकू, सरांना कसं सांगू?”

“काय सांगाचं हाय?”

“पोरं वाचत नाहीत. म्हणतात.”

मायला ते कळलंच नाही. “म्हणतेत म्हणजे आधी वाचलंच असंन ना वं.”

“नाही ना, काकू.” मग ती आपल्या लाखनीच्या बोलीत आली, घाबरली की ती तशी यायची. “तिसरीतली पायल पाहा. शेळीचा धडा घडाघडा म्हणते. मी मंधातच एका शब्दावर बोट ठेवलं, ‘कुरण’. म्हटलं, हे काय हाय? तं तिनं पयल्यापासून गायाले सुरुवात केली. ‘कुरण’ आलं तवा थांबली. माझ्या पिशवीतलं नवं पुस्तक देल्लं, तं पाहतच राह्यली. एक अक्षर नाई. मंग मी सगळ्याईले पाह्यलं. दोघं-तिघं सोडले तं सगळे असेच.”

मायने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. डाळीचा आवाज थांबला. “सांगजो नको, जोसना,” ती म्हणाली. “येत्या साली रिटायर होतेत ते. गाव सत्कार करणार हाय. त्या माणसाकडं दुसरं काई नाई वं. एक साल थांब, तुयं काय जाते?”

“काकू, पायल तिसरीत हाय. एक साल थांबली तं तिची चौथी निंगून जाईन.”

 मायने स्वतः चौथी केलीच नव्हती. ती दोघींना वाढून देऊन मागच्या दारी जाऊन बसली, आणि मला आठवतं, त्या दिवशी भात खाली लागला होता.

ज्योत्स्नाने शाळा सुटायच्या वेळी शाळेच्या ओसरीत सांगितलं. मी कुंपणाच्या भगदाडातून पाहत होते, कारण मला भीती वाटत होती की बाबा तिला हाकलून देतील. बाबा आधी हसले. मग त्यांनी पायलला हाक मारली, पुस्तक तिच्यासमोर धरलं आणि स्वतःचं बोट ‘कुरण’वर ठेवलं. पायलने बोटाकडे पाहिलं, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून गायला लागली. बाबा म्हणाले, “नाई बेटा, फकत हे.” पोरीला वाटलं आपली चाल चुकली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, अधिक मोठ्याने, अधिक ताणून. बाबांनी आणखी दोघांना बोलावलं. मग आणखी एकाला. पोरं आनंदाने गात होती, कारण गुरुजी शाळा सुटल्यावरही आपलं ऐकताहेत. ज्योत्स्ना खांबाला टेकून रडत होती. बाबा घरी आले, पाय धुतले आणि उकाडा असताना अंगावर शाल घेऊन ओसरीत बसले. ताट तसंच राहिलं.  पुढच्या आठवड्यात ज्योत्स्ना आली तेव्हा मायने तिच्यापुढे चहा ठेवला तोही न बोलता, आणि मला माझ्या मायचा तेव्हा राग आला होता.

माझ्या नातीचं पुस्तक हातात आलं की आजही मी मध्येच एखाद्या शब्दावर बोट ठेवते. ती फटकन वाचते आणि वर मला म्हणते, “आजी, तुला हे पण येत नाही?” माझी मुलगी चिडते, पोरीची परीक्षा कसली घेतेस म्हणते. तिला काय सांगणार! ती वाचते हे ऐकून माझ्या जिवाला जे वाटतं, ते सांगायला बसले तर एवढी सगळी गोष्ट सांगावी लागेल.

बाबांचा मला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटतो तर त्या पुढच्या आठवड्यातल्या सकाळचा. ज्योत्स्ना सायकल टेकवून दारातच घुटमळत होती, आत जावं की नाही म्हणून. बाबांनी खुर्ची कोपऱ्यात सरकवली होती आणि स्वतः चटईवर पोरांमध्ये मांडी घालून बसले होते. तिला पाहून म्हणाले, “या मॅडम. आता मले सांगा, सुरुवात कुठून करू.” साठीला टेकलेला माणूस, ज्याची बदली गाव होऊ देत नव्हतं, तो एका पोरीकडून शिकायला लागला. तिने आधी चाल बंद करायला सांगितली. धडा म्हणायचा नाही, एकेक शब्द सुटा घ्यायचा, पोरांच्या घरातला घ्यायचा. बांधी, तळं, पेंढी, बेंडूक. शब्द कापून अक्षरं पाडायची, अक्षरं जोडून नवा शब्द करायचा. बाबांना ते जड गेलं. बोलता बोलता त्यांचा आवाज आपोआप चढायचा, चालीत शिरायचा, की ते जीभ चावून गप्प व्हायचे. घरी येऊन ते खडूने पाटीवर शब्द कापायचा सराव करत आणि मायला विचारत, “हे बराबर दिसून राह्यलं का?” माय म्हणायची, “मले काय विचारता? मी तुमच्या धड्यावर भात शिजवत होती, आता भात कच्चा राहून राह्यला.” ती हे थट्टेने म्हणायची, पण ते खरंच होतं. शाळा मुकी झाली होती. घरात इतकी शांतता असे की कोंबडीने पंख झाडले तरी ऐकू येई.

ती शांतता गावालाही सोसेना. एक दिवस चार मोठी माणसं आमच्या ओसरीत येऊन बसली. पान-सुपारी झाली. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने घसा साफ केला.

“गुरुजी, तब्येत बराबर हाय ना जी?”

“हाय. काहून?”

“नाई, शाळेतून आवाजच येत नाई. बाया म्हणतेत शाळा बंद पडली. त्या संस्थेनं मना केलं का तुमाले शिकवाले?”

बाबा म्हणाले, “पोट्टे वाचून राह्यले आता.”

“मंग आवाज काहून येत नाई?”

बाबांनी पान-सुपारी पुन्हा पुढे सरकवली. म्हाताऱ्याने जाताना त्यांचे हात हातात घेतले आणि समजूत काढली, की एक सालच राहिलं आहे, कुणाच्या सांगण्यावरून आपलं नाव खराब करून घेऊ नका. गावाला संस्था नकोशी झाली होती आणि तरीही कुणी ज्योत्स्नाला वाकडं बोललं नाही. टपरीवाला तिची सायकल दर खेपेला पुसून ठेवायचा. आमची माणसं अशी आहेत. राग आला तरी ताक देतात.

आणि मग पायल वाचायला लागली. शाळेच्या भिंतीवर कधीकाळी रंगाने लिहिलेलं होतं, हात धुऊन जेवा. पावसापाण्याने त्यातली अक्षरं उडाली होती आणि उरलं होतं ते काहीच्या बाही होतं. पायल आमच्याकडे ताक न्यायला आली होती. भिंतीसमोर उभी राहिली आणि वाचलं, “हा धु न वा.” बाबा ओसरीतून अनवाणी धावत गेले. “काय म्हटलं? पुन्हा म्हण.” “हा धु न वा,” ती म्हणाली, आणि घाबरून विचारलं, “चुकलं का जी?” जे होतं तेच तिने वाचलं होतं. पाठ असतं तर ती पूर्ण वाक्य म्हणाली असती. बाबांनी तिला उचलून घेतलं, तिच्या हातातल्या गडव्यातलं ताक दोघांच्या अंगावर सांडलं. मायने गडवा पुन्हा भरून दिला, वर लोण्याचा गोळा टाकला, आणि त्या दिवशी ज्योत्स्नाशी ती पुन्हा पहिल्यासारखी बोलली. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता सगळं नीट होईल.

पण बाबांच्या मनात त्याच दिवशी दुसरं काहीतरी शिरलं. पायल एवढ्या महिन्यांत शिकू शकते, तर तिची आई? तिच्या आईच्या आधीचे? जे पुढे साकोलीला शिकायला गेले ते वाचत होते, बाबा त्यांची नावं सगळ्यांना सांगत असत. पण जी पोरं चौथीनंतर गावातच राहिली, ढोरांमागे गेली, धानात गेली, ती? बाबांनी त्यांना उभं करून साहेबांना ऐकवलं होतं आणि पास केलं होतं. उन्हाळाभर ते घुम्यासारखे बसत. पाऊस पडून रोवणा सुरू झाला, म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावण्याचे दिवस आले, तेव्हा त्यांनी ज्योत्स्नाच्या पिशवीतलं एक पातळ पुस्तक मागून घेतलं आणि ते घेऊन गावात फिरायला लागले. किराणा दुकानात थांबत, पारावर थांबत. जुना विद्यार्थी दिसला की पुस्तक पुढे करत, “वाच पाहू.” एक म्हणाला, चष्मा घरी राहिला जी. चष्मा त्याला नव्हताच. दुसऱ्याचे हात ओले होते. तिसरा त्यांच्या पाया पडला आणि पुस्तकाकडे न पाहता निघून गेला. ज्योत्स्नाने त्यांना हात जोडून सांगितलं, “सर, तेव्हा सगळीकडे असंच शिकवायचे. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.” बाबा म्हणाले, “तुमी सांगाले आले, मॅडम. उशिरा आले, एवढंच.” माय रडकुंडीला आली होती. “घरोघर कायले फिरता? लोक पागल म्हणतीन.”

“एक तरी भेटंन ना,” बाबा म्हणाले. “सुमन भेटंन. सुमन वाचतेच.”

सुमन म्हणजे पायलची आई. बाबांच्या बोलण्यात तिचं नाव माझ्या लहानपणापासून होतं. अशी हुशार पोरगी पुन्हा शाळेत आली नाही म्हणायचे. साहेब आले की तिलाच उभं करायचे. चौथी झाली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला ती घरी बसली, मग लग्न होऊन गावातल्या गावातच राहिली. रविवार होता आणि आमच्याच बांधीत रोवणा होता. सुमन बायांच्या रांगेत होती. मी शिदोरी घेऊन गेले होते, तांदळाच्या भाकरी आणि झिंग्यांची चटणी. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, मी टोपलं उतरवत होते तेव्हा तळ्याच्या उंच पाळीवरून बाबा येताना दिसले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक, पोटाशी धरलेलं. बायांच्या पाठीवर प्लास्टिकच्या घोंग्या होत्या, पिंढरीपर्यंत चिखल होता आणि सगळ्या वाकून रोपं खोचत मागे मागे सरकत होत्या. बाबांना पाहून सगळ्यांनी कंबर सरळ केली आणि डोक्यावर पदर घेतला. त्यांच्यातली प्रत्येक बाई बाबांच्या हाताखालून गेली होती.

“सुमन,” बाबा म्हणाले, “जरा येजो बेटा.”

ती चिखलातून धुऱ्याशी आली. बाबांनी पुस्तक उघडून पुढे धरलं.  “येथं काय लिवलं हाय, वाच बरं.”

सुमनने हात पाण्यात खळबळून धुतले, पदराला पुसले, पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. पुस्तकात सर्दी झालेल्या बेडकाचं चित्र होतं. ते पाहून तिला हसू आलं. “बेंडूक हाय जी. आमच्या येळी बगळा होता.” आणि मग बाबांकडे पाहून तिने सुरू केलं. तीच चाल. “तळ्याकाठी वड आहे. वडावर बगळा आहे.”  एवढ्या वर्षांनंतर एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. “बगळा पाण्यात पाहतो. पाण्यात ढग दिसतो.” मागच्या रांगेतल्या एकीने आवाज मिळवला, मग दुसरीने, मग सगळ्या बांधीने. शाळा मुकी झाल्यापासून गुरुजी उदास झालेत, घरोघर पुस्तक घेऊन फिरतात ते आपला धडा ऐकायला, अशी त्या बायांची समजूत होती. त्यांनी गुरुजींची हौस पुरवायचं ठरवलं होतं. त्या पुन्हा वाकल्या आणि रोपं खोचता खोचता गात राहिल्या. “पाण्यात ढग दिसतो, पान पलटवा, ढग हलला, बगळा उडाला.” ‘पान पलटवा’ हे बाबा वर्गात पोरांना सांगत असत. त्यांनी तेही धड्यातच पाठ केलं होतं, चालीत बसवून, ढगाच्या आणि बगळ्याच्या मध्ये. सुमनने पुस्तकाचं पान पलटवलंही नाही.

धडा संपला तेव्हा सगळ्या हसत होत्या. सुमनने पुस्तक परत दिलं. “पाहा गुरुजी, काई विसरलो नाई आमी. तुमी शिकवलेलं मरेपर्यंत जात नाई.” मग तिचा चेहरा जरा उतरला. “बोलू का जी एक? राग नका येऊ देजा. आमच्या पायलले तं एकबी धडा पाठ नाई आता. तिलेबी आमच्यासारखं शिकवा ना जी.”

  बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शाबास, सुमन.” तपासणीला साहेब असताना म्हणत तसंच, त्याच आवाजात. सुमन लाजली, पदर खोचून बांधीत उतरली. बाबांनी छत्री मिटली. पाऊस होता, तरी मिटली, आणि वळून चालायला लागले. मी टोपलं तिथेच ठेवून मागे धावले.

तळ्याच्या पाळीवर त्यांनी मला थांबवलं. “शोभा, तुले तं येते ना वाचता?”

मी दहावी पास झाले होते. मला रडू आलं आणि रागही आला. “बाबा, वाचता नाई येत तं दहावी पास कशी झाली मी!”

“मंग वाच.”

मी पुस्तक घेतलं. “एका बेडकाला सर्दी झाली,” मी वाचलं.

“असं नाई. पाठ असंन तुले. शेवटून वाच.”

मला ते पाठ नव्हतं, मी ते पुस्तक पहिल्यांदाच पाहत होते. पण त्यांच्याकडे पाहून मला ते सांगता येईना. मी शेवटचं पान काढलं आणि शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायला लागले. पाळ संपली, गावाची वाट लागली. झोपला, बेडूक, पांघरून, पान, मोठं, एक. बाबा माझ्याशेजारून चालत होते, त्यांचं बोट शब्दाशब्दावर होतं, आणि ते उचलल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हतं. दारादारांतून माणसं पाहत होती, गुरुजींची पोरगी भर पावसात काय बरळते आहे म्हणून. पुस्तक भिजत होतं. झाली, सर्दी, बेडकाला, एका. त्यात काहीही अर्थ नव्हता. बाबा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते आणि रडत होते.